सात किलो

रद्दीवाल्याकडे असतो तसला ताणकाटा निलगिरीच्या फांदीला टांगला होता आणि त्याच्या आकड्याला माझी बॅग लोंबत होती. आठ किलो तीनशे. गाइडने मान हलवली आणि सात बोटं दाखवली. सात म्हणजे सात, त्यातच स्लीपिंग बॅग आणि खाली अंथरायची मॅट. मी तिथेच मातीत फतकल मारून बॅग उघडली. दुसरी पँट काढली, जाडजूड पुस्तक काढलं, कुणीतरी आग्रह केला म्हणून घेतलेली फुगवायची उशी काढली. शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली, जरा वेळ हातात धरली आणि परत आत कोंबली. काटा सातावर आला तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने ती बॅग उचलली, आणखी एका बॅगेसोबत रंगीत पट्ट्यांच्या कांबळ्यात बांधली, कांबळ्याची गाठ छातीवर मारली आणि चालू लागला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

जागेचं नाव पिस्काकुचो, पण सगळे म्हणतात ‘किलोमीटर ८२’. कुस्कोपासून मोजला तर रेल्वेचा हा ब्याऐंशीवा किलोमीटर. उरुबांबा नदीवरचा पूल ओलांडला की इंका ट्रेल सुरू होते. ४३ किलोमीटर, चार दिवस, तीन मुक्काम, आणि शेवटी माचू पिक्चू. मौज अशी की आपण उभे असतो साधारण २,७०० मीटरवर आणि पोचायचं असतं २,४३० मीटरवर. म्हणजे जायचंय खाली. रेल्वे नदीच्या काठाकाठाने मुकाट तिकडेच जाते आणि दोन तासांच्या आत पोचवते. शहाण्याने तिकीट काढावं. आपण मात्र ४,२१५ मीटरची खिंड चढायची, उतरायची, दुसरी चढायची, पुन्हा उतरायची आणि चौथ्या दिवशी त्याच ठिकाणी पोचायचं. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

माझा पहिला ट्रेक एकोणिसाव्या वर्षी, हरिश्चंद्रगड, खिरेश्वरहून तोलारखिंडीतून. आमच्या ग्रुपमध्ये लिहिलेला नियम एकही नव्हता, न लिहिलेला एकच: ज्याची सॅक त्याच्या पाठीवर. पातेलं, तांदूळ, कांदे-बटाटे, स्टोव्ह वाटून घ्यायचे. रॉकेलची बाटली ज्याच्या वाट्याला यायची त्याच्या सॅकमधली खिचडी रॉकेलच्या वासाची. कुणाची सॅक दुसऱ्याने घेतली तर तो माणूस पुढचं वर्षभर चेष्टेचा विषय. आता सत्तावन्नाव्या वर्षी, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून, मी दक्षिण अमेरिकेत येऊन माझी वळकटी एका परक्या म्हाताऱ्याच्या पाठीवर टाकत होते. पाठीवर उरलं काय? पाण्याची बाटली, रेनकोट आणि कॅमेरा. शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं.

दुसरा मार्ग नसतो. या वाटेवर परवानाधारक गाइडशिवाय पाऊल टाकता येत नाही. दिवसाला ५०० माणसांनाच सोडतात, त्यांत आमच्यासारखे हौशी साधारण २००. उरलेले ३०० म्हणजे गाइड, स्वयंपाकी आणि पोर्टर. फेब्रुवारीत वाट पूर्ण बंद, दुरुस्तीसाठी. चालण्याच्या काठीच्या टोकाला रबराची टोपी हवी, नाहीतर जुन्या पायऱ्यांना टवके जातात. घोडा-खेचर नको, खुरांनी दगड ढिले होतात. हे सगळं रास्त आहे, आपल्या गडांवर याच्या निम्मं झालं तरी मी पेढे वाटेन. पण त्याचा अर्थ काय होतो हे पहिल्या चौकीवर डोळ्यांनी दिसतं. दगड झिजू नये म्हणून खेचराला मनाई, म्हणून खेचराचं ओझं माणसाच्या पाठीवर. गॅसचे सिलिंडर, जेवणाचा तंबू, घडीची टेबलं, दहा खुर्च्या, अंडी. हो, खुर्च्या. आम्ही दहा जण होतो आणि आमच्यासाठी स्वयंपाकी धरून पंधरा.

चौकीवर पोर्टरांची रांग होती आणि तिथेही काटा. आमचा काटा कंपनीचा, त्यांचा सरकारी. पेरूमध्ये २००१ साली पोर्टरांसाठी कायदा झाला: पुरुषाच्या पाठीवर २० किलोपेक्षा जास्त नाही. त्याआधी वजनाला धरबंद नव्हता. आता अधिकारी बसलेला असतो, एकेक गाठोडं तोलून पाहतो, वहीत लिहितो, मग पुढे सोडतो. गाइड सांगत होता की लामा या बाबतीत फार हुशार प्राणी. पंचवीस-तीस किलोच्या वर एक बोचकं जास्त चढवलं तर बसकण मारतो, मारलं तर थुंकतो, पण उठत नाही. लामाला कायदा करून घ्यावा लागला नाही.

त्याच चौकीवर गाइडने आम्हाला एक शब्द शिकवला. पोर्टरांना पोर्टर म्हणू नका, ‘वायकी’ म्हणा. केचुआ भाषेत वायकी म्हणजे भाऊ. सगळ्यांनी हौसेने ‘वायकी, वायकी’ म्हणून पाहिलं. मग तो आम्हा चार बायकांकडे वळला आणि म्हणाला, तुम्ही नाही. पुरुषाचा भाऊ तो वायकी. बाईच्या भावाला वेगळा शब्द आहे: तुरा. मी त्याला दोनदा विचारून घेतलं. तुरा. आमच्याकडे तो फेट्यावर असतो, हे त्याला कसं सांगायचं? मी चार दिवस ‘तुरा’ म्हणत राहिले. म्हातारा पहिल्यांदा ऐकून दचकला, मग त्याने दात नसलेलं हसू दाखवलं.

पहिला दिवस सोपा. निवडुंग, कोरडी हवा, पलीकडे वेरोनिकाचं बर्फाचं शिखर, खाली नदीच्या वळणावर पातायाक्ताची शेतं, एकाखाली एक, कुणी दरीत घडीची साडी उलगडून टाकावी तशी. रात्री वायाबांबाच्या बाजूला मुक्काम. आम्ही पोचलो तेव्हा तंबू उभे होते, गरम पाण्याचं घमेलं प्रत्येक तंबूपुढे ठेवलेलं होतं आणि भल्या उंच टोपीतला स्वयंपाकी किन्वाचं सूप ढवळत होता. आमच्यानंतर तळ आवरून निघालेले, वाटेत आम्हाला मागे टाकून गेलेले हे लोक. ते गेले कसे, ते दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं. मागून हाक येते, ‘पोर्टर!’ मग सगळ्यांनी डोंगराच्या अंगाला सरकून उभं राहायचं, दरीच्या अंगाला नाही. ते जातात. पायांत टायरच्या रबराच्या चपला, पोटऱ्या दोरखंडासारख्या, गालात कोकाच्या पानांचा विडा. जाताना धाप ऐकू येते. ती धाप ऐकून मला जरा बरं वाटलं आणि तसं वाटल्याची लगेच लाज वाटली. तोपर्यंत मी त्यांना दमच लागत नाही असं धरून चालले होते.

दुसरा दिवस खिंडीचा. नाव वार्मीवान्युस्का, म्हणजे मेलेली बाई. खालून पाहिलं तर डोंगराची धार उताण्या पडलेल्या बाईसारखी दिसते. वायाबांबापासून सुमारे १,२०० मीटरचा सलग चढ. कळसूबाईचं टोक १,६४६ मीटर. इथे ते पायथ्याच्याही खाली राहतं. पण मला ती आठवली, कारण ती पण बाईच. कळसू पाटलाच्या घरी कामाला राहिली ती अटीवर, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, आणि अट मोडली तशी सरळ डोंगरावर निघून गेली, अशी कथा सांगतात. आपली बाई कामाला नाही म्हणून डोंगर झाली. इथली का मेली, ते गाइडला विचारलं. तो म्हणाला, चढून बघा, कळेल.

निघण्यापूर्वी त्याने नदीकाठचा एकेक दगड उचलायला सांगितला होता. अँडीजच्या खिंडींत वाटसरूंनी रचलेले दगडांचे ढीग असतात, त्यांना आपाचेता म्हणतात. खालून आणलेला दगड तिथे ठेवायचा, कोकाचा चघळलेला चोथा टाकायचा, की अंगातला शीण तिथे राहतो. मी चांगला गुळगुळीत, मुठीएवढा, काळा दगड निवडला.

चढाबद्दल काय सांगू? वीस पावलं, थांबा. वीस पावलं, थांबा. शेवटी दहा. हवा इतकी विरळ की विचार एका वेळी एकच येतो आणि तोही अर्धाच. माथ्यावर वाऱ्याने डोळ्यांतून पाणी काढलं. गाइडने कोकाची तीन पानं पंख्यासारखी धरून साल्कांताय शिखराच्या दिशेने फुंकर घातली, आम्हीही घातली. मग दगड काढायला खिशात हात घातला तर दगड नव्हता. दुसऱ्या खिशात नव्हता, सॅकमध्ये नव्हता. इतर जण आपापला दगड रचत होते आणि मी फोटो काढते आहे असं दाखवत उभी राहिले.

उतारावर पाय आपोआप पडत होते, म्हणून डोकं मोकळं होतं. ही वाट मुळात कुणी वाहिली? इंकांचे राजरस्ते आजच्या सहा देशांत पसरलेत, कोलंबियापासून अर्जेंटिना-चिलीपर्यंत, ३०,००० किलोमीटरच्या वर. २०१४ साली युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतले. या लोकांकडे घोडा नव्हता, लोखंड नव्हतं आणि गाडीला चाक नव्हतं, म्हणून रस्ता असा झाला: चढ आला की वळणं घेत बसायचं नाही, सरळ पायऱ्या. चाक असलेल्या माणसाने पायऱ्यांचा महामार्ग कधी बांधलाच नसता. आणि पैसाही नव्हता, म्हणून कर अंगमेहनतीत. त्याला मिता म्हणत. प्रत्येक घराने पाळीपाळीने राज्याची कामं करायची, रस्ता, पूल, शेताच्या ताली, लढाई. आपल्याकडे याला वेठ म्हणतील. फरक एवढाच की कामावर असताना राज्याच्या कोठारातून जेवण आणि चिचा, म्हणजे मक्याची दारू, मिळायची. पुढे स्पॅनिश आले. त्यांनी नाव मिताच ठेवलं, कोठारं बंद केली आणि माणसं पोतोसीच्या चांदीच्या खाणीत उतरवली.

इंका, म्हणजे त्यांचा राजा, स्वतः पालखीतून जायचा. त्याचे भोई ठरलेले, रुकाना प्रांतातले, पाऊल न हिंदकळण्याबद्दल नावाजलेले. १६ नोव्हेंबर १५३२ला काहामार्काच्या चौकात स्पॅनिश सेनानी पिसारोच्या माणसांनी इंका आताउआल्पाला पकडलं तेव्हा त्याची पालखी खाली येईना. हात तोडले तरी पालखी वाहणाऱ्यांनी ती खांद्यावर तोलून धरली, एक पडला की दुसरा त्याच्या जागी, असं तिथे हजर असलेल्या स्पॅनिश लोकांनीच लिहून ठेवलंय. ते वाचल्यापासून मला त्या प्रसंगात आताउआल्पा दिसत नाही, खांदे दिसतात. निष्ठा म्हणावी की सवय म्हणावी? मारणाऱ्यांनी लिहिलं, वाहणाऱ्यांचं म्हणणं कुणीच लिहिलं नाही.

खांद्यांवरून आठवलं, आईला डोलीतून गिरनारला नेलं होतं. दहा हजार पायऱ्या, दत्ताच्या पादुका, आणि आईचे गुडघे माझ्या आजच्या गुडघ्यांहून वाईट. डोलीचं भाडं वजनावर, म्हणून आधी काट्यावर बसवतात. चारचौघांत काट्यावर बसायचं या विचाराने आई इतकी ओशाळली की तिने चपला काढल्या, पर्स माझ्याकडे दिली, शाल दिली, शेवटी हातातल्या बांगड्यांकडे बघू लागली. डोलीवाले हसत होते. वर जाताना ती दर शंभर पायऱ्यांनी विचारायची, दमलात का रे? खडीसाखर देत होती. मी शेजारून चालत होते आणि मनात हिशेब करत होते की मी हे कधी करणार नाही, मरेपर्यंत माझ्या पायांनीच जाईन. आईची पर्स माझ्या खांद्याला होती, तेवढं पुण्य मी माझ्या खात्यावर मांडून घेतलं.

तिसरा दिवस मात्र असा की त्यासाठी पुन्हा ती मेलेली बाई चढेन. सकाळी रुंकुराकाय, खिंडीच्या खाली डोंगराला चिकटलेली गोल भिंतींची धर्मशाळा. मग सायाकमार्का, कड्याच्या टोकावर बसवलेलं गाव, एकच अरुंद जिना, आपल्या एखाद्या बालेकिल्ल्यासारखा. तिथून पुढे कोरडा डोंगर संपतो आणि ढगांचं जंगल लागतं. झाडांच्या फांद्यांवर बोटभर शेवाळ, त्यात ऑर्किड, आणि पायाखाली बराचसा मूळचाच दगडी रस्ता. काही ठिकाणी तो कड्याला टेकू देऊन रचलेल्या भिंतीवरून जातो. खाली वाकून पाहिल्याशिवाय कळतही नाही की आपण भिंतीवर चालतोय. एका जागी कातळ आडवा आला तर तिथल्या भेगेतूनच बोगदा काढलाय, आत पायऱ्यांसकट. आणि पाणी. फुयुपातामार्का म्हणजे ढगांवरचं गाव, तिथे एकाखाली एक दगडी न्हाणी आहेत आणि त्यांत पाणी अजून वाहतं. साडेपाचशे-सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाने पाण्याला जी वाट दाखवली, त्या वाटेने ते आजही जातं. मी ओंजळ धरून बसले. आमच्यातला एक जण भिंतीच्या सांध्यात पत्ता घालून बघत होता, जातो का. या सांध्यांचं कौतुक सगळेच करतात. मला पाणी जास्त अवघड वाटतं. दगड एकदा बसला की बसला, पाण्यावर रोज लक्ष ठेवायला माणूस लागतो.

पुढे जवळपास हजार मीटरचा उतार, सगळा पायऱ्यांचा, आणि माझ्या गुडघ्यांनी त्या उतारावर मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी विन्याय वायनाला मुक्काम. तिथल्या एका ऑर्किडचं हे नाव, अर्थ ‘सदा तरुण’. मी तंबूपर्यंत काठीवर रेलून पोचले. चटणीची पुडी घेऊन स्वयंपाकघराच्या तंबूत गेले. स्वयंपाक्याने चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मोठे केले आणि म्हणाला, ‘मानी!’ मानी म्हणजे शेंगदाणा. मग गाइडला मध्ये घालून मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे उपासाला जे चालतं ते बहुतेक सगळं तुमच्याकडचं. शेंगदाणे, बटाटा, रताळं, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद, हिरवी मिरची. देवाला चालणारी थाळी बरीचशी पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेली. पेरू सांगायचा मोह मी आवरला, फळाचं आणि देशाचं नाव एकच कसं ते समजावण्यात रात्र गेली असती. पुडी तळापर्यंत चाटून झाली. शेंगदाणा इतक्या शतकांनी माहेरी आला तो लसूण-तिखट होऊन.

जेवणानंतर निरोपाचा कार्यक्रम असतो. पंधरा जण ओळीत उभे राहतात, एकेक जण पुढे येऊन नाव, गाव, वय, मुलं सांगतो. ते केचुआत बोलतात, गाइड इंग्रजी करतो. आम्ही बक्षिसीचं पाकीट देतो आणि टाळ्या वाजवतो. मला असले प्रसंग सोसत नाहीत, पाकीट देणाऱ्याच्या चेहऱ्यावर नकळत मालकाचा भाव येतो. म्हातारा शेवटचा. वय ६२. गावाकडे बटाट्याचं शेत, अकरा जातींचे बटाटे लावतो. मी गाइडकरवी विचारलं, या वयात हे काम सोडावंसं वाटत नाही का? तो म्हणाला, २०२० साली करोनात वाट बंद होती. तेव्हा सोडूनच दिलं होतं. तेव्हा बटाटे खाल्ले.

यावर मी काय बोलणार होते?

तंबूत येऊन बॅग उपसली, सकाळच्या कपड्यांसाठी. तळाशी, मोज्यात गुंडाळलेला, काळा गुळगुळीत दगड. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात मी तो हरवू नये म्हणून बॅगेत घातला होता आणि विसरले होते. म्हणजे माझा शीण ज्या खिंडीत ठेवायचा होता, त्या खिंडीवरून म्हाताऱ्याने तो पाठीवर वाहून पार नेला आणि पुढे आणखी एक दिवस. मी दगड घेऊन त्याला शोधत गेले. तो भांडी बांधत होता. दगड दाखवला, बॅग दाखवली, वर डोंगराकडे बोट केलं, त्याच्या पाठीकडे केलं. भाषा लागलीच नाही. तो इतका हसला की बाकीचे गोळा झाले आणि मग तेही हसले. त्याने दगड माझ्या हातातून घेतला, तळव्यावर तोलून पाहिला आणि आपल्या गाठोड्यात टाकला. गाइड म्हणाला, पुढच्या आठवड्यात याची पुन्हा पाळी आहे, तेव्हा तो वर ठेवेल म्हणतोय.

पहाटे साडेतीनला उठवतात. कारण सूर्योदय नव्हे. तंबू गुंडाळून पोर्टरांना खाली धावत जाऊन पहाटेची गाडी पकडायची असते. माचू पिक्चूला ते येत नाहीत. आम्ही डोंगराच्या कडेने इंती पुंकूकडे, सूर्याच्या दरवाजाकडे निघालो, तेव्हा खाली जंगलात त्यांच्या बॅटऱ्यांचे ठिपके उतरताना दिसत होते.

माचू पिक्चूबद्दल मी थोडंच सांगेन, ते पोस्टरावर असतं तसंच आहे, फक्त धुकं मधूनमधून ते काढून घेतं आणि परत देतं. २४ जुलै १९११ला अमेरिकन संशोधक हायरम बिंगम इथे आला तो गाइड घेऊनच. मेल्चोर आर्तेआगा नावाच्या तिथल्या शेतकऱ्याने एक सोल मजुरी घेऊन त्याला वर आणलं, आणि वर इंकांच्या शेतांत मका-बटाटे लावणारी कुटुंबं आधीच राहत होती. त्यांच्यातल्या एका लहान मुलाने बिंगमला अवशेष दाखवले. भिंतीवर कोळशाने नाव आणि साल लिहिलेलं होतं: लिसारागा, १९०२. शोध लागला तो बिंगमला. नॅशनल जिऑग्राफिकने १९१३ साली अख्खा अंक काढला.

दुपारी बसने खाली आग्वास कालिएंतेसला उतरलो. एका हॉटेलात आमच्या बॅगा भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, आणून ठेवणारा कधीच गेला होता. मी माझी बॅग ओळखली, पट्टे काढले आणि चार दिवसांत पहिल्यांदा पाठीवर घेतली. मुक्कामाची जागा गल्लीच्या वरच्या टोकाला होती, दहा मिनिटांच्या चढावर. मी दोनदा थांबले.